नाव आजोबांचे, गादी कोणाची?

२०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनमधील सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची ही तलवार. तिच्या पात्यावर त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब देवनागरी अक्षरांत कोरलेला आहे. जाणकारांनी ती ‘पहिल्या’ रघूजींची ठरविली आणि वृत्तपत्रांनीही तसेच छापले. पात्यावर मात्र ‘पहिले’ हा शब्द नाही. तो असणे शक्यही नव्हते. कोणताही पुरुष जिवंतपणी स्वतःला ‘पहिला’ म्हणवून घेत नाही. त्याचे नाव लावणारा दुसरा कोणी निपजला म्हणजे मगच तो पहिला होतो. एवढेच नव्हे, तर सेनासाहेब सुभा हा किताबही नावासारखाच घराण्यात वारशाने चालत आलेला होता. म्हणजे नाव तेच, किताब तोच. माणूस कोणता, हे ठरविण्यासाठी घडणावळ, कारागिरी आणि काळ यांच्याकडे वळावे लागते.

हा प्रश्न एका तलवारीपुरता असता तर तो संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांवर सोपवून वाचकांना स्वस्थ बसता आले असते. परंतु एकच नाव पिढ्यान् पिढ्या चालविण्याच्या या प्रथेत जमीन, सत्ता आणि वारसा यांचे एक जुने अर्थशास्त्र दडलेले आहे. त्याचे व्यवहार राजेशाहीबरोबर संपले, असेही म्हणता येत नाही.

केळझरच्या पंचक्रोशीत

नागपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात, केळझर हे गाव लागते. टेकडीवरच्या गणपतीमुळे ते विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला येथेच मारले, अशी या भागातील लोकांची पिढीजात समजूत आहे. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातही एक एकचक्रा आहे आणि तेथील लोकांचीही आपल्या गावाविषयी हीच श्रद्धा आहे. थोर नावावर हक्क सांगावा, त्या नावाची पुण्याई आपल्याकडे ओढून घ्यावी, ही इच्छा माणसांना असते तशी गावांनाही असते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर गोंड राजांचा अंमल ओसरला आणि हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आला. १८५३ च्या अखेरीपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. या शंभर-सव्वाशे वर्षांत रघूजी नावाचे तीन राजे होऊन गेले. केळझरच्या एखाद्या कुणबी घरात पणजोबांनी रघूजींना सारा भरला असेल, तर पणतवानेही रघूजींनाच भरला. खेड्यातल्या माणसाला पहिला, दुसरा, तिसरा हा हिशेब ठेवण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने नागपूरला रघूजी असतातच. वर्धा नदीला पाणी असावे तसे.

शिवाय त्याच्या स्वतःच्या घरातही हाच रिवाज होता. आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाचे, म्हणजे घराण्यात ते नाव ‘जागते’ राहते. पण सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारावयाचे नाही, असाही दंडक होता. मग त्याच नावाच्या मुलाला आईने हाक कशी मारावी? यातून मराठी घरांनी एक मोठी सोयीची वाट काढली. पाळण्यातले नाव आजोबांचे आणि हाकेचे नाव बापू, आप्पा, नाना किंवा बाळा. भोसल्यांच्या वाड्यातही हेच घडले. इतिहासात आप्पासाहेब म्हणून प्रसिद्ध असलेल्या राजांचे नाव मुधोजी. चिमणाबापूंचे नाव खंडोजी. आणि बाजीबा म्हणून वाढलेला मुलगा पुढे तिसरा रघूजी झाला. सत्तेच्या कागदावर आजोबांचे नाव आणि ओसरीवर मुलाचे स्वतःचे, अशी ही दुहेरी नोंद होती. त्या मुलाचे वेगळेपण राखले ते हाकेच्या नावाने.

एक नाव, दोन इतिहास

नागपूरकर भोसल्यांची वंशावळ समोर घेतली की हा नियम स्पष्ट दिसतो. पहिल्या रघूजींच्या वडिलांचे नाव बिंबाजी. रघूजींना जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार पुत्र झाले. ही नावे घराण्यातील वडीलधाऱ्यांचीच होत. त्यांपैकी मुधोजींच्या मुलाचे नाव आजोबांवरून रघूजी. या दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी. त्यांच्या मुलाचे नाव पुन्हा आजोबांवरून मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब. नावांची ही शृंखला इतकी नियमित आहे की, चार-पाच नावांच्या भांडवलावर घराण्याने शतकाहून अधिक काळ काढला असे म्हणावे लागते.

परंतु नाव सारखे असले तरी कर्तृत्व सारखे नव्हते. पहिल्या रघूजींच्या फौजा १७४२ पासून बंगालवर उतरल्या. त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये दग्याने मारले गेले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत आणि १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाला ओरिसा व वार्षिक १२ लाखांची चौथाई मान्य करावी लागली. या स्वाऱ्यांत बंगालची रयत भरडली गेली, ‘बर्गी’ हा शब्द तेथे भयाचा पर्याय झाला, हेही सांगितले पाहिजे. कर्तृत्व आणि क्रौर्य दोन्ही या पहिल्या रघूजींच्या खात्यावर आहेत.

दुसऱ्या रघूजींच्या वाट्याला वेगळा काळ आला. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई हातची गेली, डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. आजोबांच्या काळात मिळालेला कटकचा प्रांत नातवाला इंग्रजांच्या हवाली करावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूखही गेला. केळझर नदीच्या पूर्वेला होते म्हणून नागपूरकडे राहिले. नदीच्या या तीरावरचा शेतकरी भोसल्यांचा आणि त्या तीरावरचा निजामाचा, असा भेद त्या एका तहाने निर्माण केला. म्हणजे कटक मिळविणारेही रघूजी आणि कटक देणारेही रघूजी! क्रमांक गाळून हे नाव उच्चारणारा अभ्यासक नातवाचा पराभव आजोबांच्या माथी मारतो किंवा आजोबांचा पराक्रम नातवाच्या पदरात टाकतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत अशी गफलत होते ती क्षम्य आहे. सभा-समारंभांतील वक्ते ती हेतुपुरस्सर करतात, तेव्हा मात्र ते नावाच्या ओघावर श्रोत्यांना वाहून नेत असतात.

नाव म्हणजे हक्काचा कागद

नाव चालविण्यामागे आजोबांविषयीची भक्ती तर होतीच. पण केवळ भक्ती असती तर नावाचा हा व्यवहार इतका काटेकोर झाला नसता. त्याचे खरे स्वरूप दत्तकाच्या वेळी उघडे पडते. पहिल्या रघूजींचे थोरले पुत्र जानोजी १७७२ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी पुतण्याला, म्हणजे मुधोजींच्या रघूजीला, वारस ठरविले होते. जन्माने मुधोजींचा आणि गादीने जानोजींचा असा हा मुलगा. त्याच्या नावाने कारभार कोणी पाहावा यावरून साबाजी आणि मुधोजी या सख्ख्या भावांत युद्ध जुंपले. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या रणात साबाजी ठार झाले आणि प्रश्न मिटला. मुलाचे नाव निर्विवाद होते. त्या नावाची मोहोर कोणाच्या हाती राहावी, एवढ्यासाठी भावाने भावाचा जीव घेतला.

पुढे १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बल होते. १८१७ च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. आता गादीवर बसवावयास मुलगा कोण? दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा. तो गुजर घराण्यातला. परसोजींच्या विधवा पत्नीने त्याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव ठेवले रघूजी. ज्यांचा तो जन्माने दौहित्र होता, त्यांचाच तो दत्तविधानाने पौत्र झाला; म्हणून नावही आजोबांचेच लागले. आडनाव बदलले, नाव बदलले, वडील बदलले आणि या तिन्ही बदलांनी मिळून एकच गोष्ट न बदललेली दाखविली: नागपूरच्या गादीवर रघूजी भोसले आहेत. कारभार मात्र राजा अज्ञान म्हणून रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहत होते. नाव भोसल्यांचे आणि सत्ता कंपनीची, ही व्यवस्था दोघांनाही काही काळ सोयीची वाटली.

मराठी संस्थानांत हा प्रकार सर्वत्र आढळतो. झाशीला आनंदरावाचे दामोदरराव झाले; राजाच्या तान्हेपणीच वारलेल्या मुलाचे ते नाव होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. यांपैकी शेवटच्या दोघांनी मिळालेली नावे आपल्या कर्तृत्वाने इतकी भरून टाकली की, त्या नावांचे मागचे धनी लोकांच्या विस्मरणात गेले. परंतु हे दत्तक घेणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. त्यांचा हेतू साधा होता: गादी रिकामी नाही, हे नावाने सिद्ध करावयाचे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्र नसताना आणि दत्तक न घेता वारले. उत्तरक्रिया करणारा नात्यातील तरुण यशवंतराव अहिरराव वाड्यात होता. राजघराण्यातील स्त्रियांचा दत्तकाचा आग्रह होता. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले आणि हत्ती-घोडे सीताबर्डीवर विकले गेले. १८५७ चा उठाव शमल्यावर यशवंतरावांना मान्यता मिळाली ती ‘जानोजी’ या नावाने आणि राजाबहादूर या किताबासह. पण राज्य परत मिळाले नाही. सातारा जिल्ह्यातील देऊर गावाशी तो किताब जोडला गेला. पूर्वी राज्य होते म्हणून नाव मोठे होते. आता नाव उरले होते म्हणून किताब मिळाला.

विलायतेतील दत्तकविधान

डलहौसी यांच्या धोरणामागचा युक्तिवाद असा होता की, दत्तकाला खाजगी मिळकत मिळावी, पण मांडलिक राज्याचा वारसा सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून मिळू नये. कायद्याच्या भाषेत या भेदाला अर्थ आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. मात्र दुसऱ्याचे नाव लावून वारस होणे ही काही केवळ हिंदुस्थानी कल्पना नव्हती. ज्या जमीनदार वर्गातून इंग्रज राज्यकर्ते येत, त्याच वर्गात ती मुरलेली होती. इंग्रजी मृत्युपत्रांत अशी अट सर्रास आढळे की, जो ही इस्टेट घेईल त्याने आमचे आडनाव आणि आमचे कुलचिन्ह धारण केले पाहिजे. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचे बंधू एडवर्ड हे नातलग असलेल्या नाइट दांपत्याच्या जमिनीचे वारस झाले आणि १८१२ मध्ये ऑस्टिन हे आडनाव सोडून नाइट झाले.

चर्चिल घराण्याचे उदाहरण तर नागपूरच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. या घराण्याचे मूळ वैभव पहिल्या ड्यूक ऑफ मार्लबरो यांचे. १७०४ मधील ब्लेनहाइमच्या विजयाबद्दल त्यांना ब्लेनहाइमचा प्रासाद मिळाला. त्यांचा मुलगा आधीच वारला होता. म्हणून पार्लमेंटने खास कायदा करून किताब मुलींकडे जाण्याची सोय केली. पुढे तो मुलीच्या मुलाकडे गेला आणि घराण्याचे आडनाव स्पेन्सर झाले. ऐंशीहून अधिक वर्षे ते तसेच चालले. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकनी राजाज्ञा मिळवून चर्चिल हे आडनाव पुन्हा जोडून घेतले. इकडे नागपूरला १८१८ मध्ये मुलीच्या मुलाला रघूजी भोसले करण्यात आले. तिकडे एकच वर्ष आधी मुलीच्या वंशजांनी राजाज्ञेने चर्चिल हे नाव धारण केले होते. त्यानंतरची त्या घराण्यातील एक शाखा पाहावी: लॉर्ड रँडॉल्फ, त्यांचे पुत्र पंतप्रधान विन्स्टन, त्यांचे पुत्र रँडॉल्फ आणि त्यांचे पुत्र विन्स्टन. हे चौघेही पार्लमेंटचे सदस्य होते. पंतप्रधानांचे विन्स्टन हे नाव तरी कोणाचे? पहिल्या ड्यूकच्या वडिलांचे. तेही सर विन्स्टन चर्चिल आणि तेही सतराव्या शतकातील पार्लमेंटचे सदस्य. आजोबा-नातवाची ही साखळी केळझरच्या कोणत्याही घराला आपलीशी वाटावी अशीच आहे.

डलहौसी यांच्या स्वतःच्या घराण्यात तर याहून बोलके प्रकरण घडले होते. हे घराणे स्कॉटलंडमधील रॅम्झे यांचे. डलहौसींचे सख्खे काका विल्यम रॅम्झे यांनी पॅन्म्यूरची मोठी इस्टेट मिळताच रॅम्झे हे आडनाव टाकून मॉल हे आडनाव धारण केले होते. १८६० मध्ये लॉर्ड डलहौसी वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. पंजाबचा मुलूख जिंकल्याबद्दल मिळालेली त्यांची मार्क्विस ही पदवी वारसाअभावी लयास गेली. अर्ल ही जुनी पदवी याच काकांचे पुत्र फॉक्स मॉल यांच्याकडे गेली आणि त्यांनी १८६१ मध्ये रॅम्झे हे आडनाव पुन्हा जोडून घेतले. जमिनीसाठी एका पिढीने नाव टाकले, पदवी येताच दुसऱ्या पिढीने ते परत घेतले आणि यात कोणालाही गैर वाटले नाही. नियतीने सूड घेतला वगैरे म्हणण्याची येथे गरज नाही. मिळकतीसाठी नाव बदलणे हे ज्यांच्या घरात रीतसर होते, त्यांनाच नागपूरच्या वाड्यातील नामांतर पोकळ बहाणा वाटले, एवढे नोंदविले म्हणजे पुरे.

सातबाऱ्यावरचे आजोबा

राजवाड्यातून पुन्हा खेड्यात यावे. इंग्रजी अमलात १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा वेगळा जिल्हा काढण्यात आला. त्या दशकातील जमाबंदीत या भागातील पाटलांना आणि सारा भरण्याचे हक्क असलेल्या इतरांना मालगुजार म्हणून गावाची मालकी देण्यात आली. भोसल्यांच्या काळी जो मुख्यतः वसुलीचा अधिकारी होता, तो कागदावर नाव चढताच मालक झाला. कसणारा तोच राहिला, जमीन तीच राहिली. एका नावाच्या नोंदीने संपत्तीचे वाटप ठरले. ही व्यवस्था मोडावयास १९५० चा कायदा यावा लागला आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली.

पण नावाचा गुंता तेथे संपत नाही. मराठी माणूस आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो. ज्या घरात आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल अखंड चालते, तेथे आजोबा आणि नातू यांची तिन्ही नावे तंतोतंत एक होतात. मुधोजीचा रघूजी, रघूजीचा मुधोजी आणि पुन्हा मुधोजीचा रघूजी. वारस-नोंद वेळेवर झाली नाही, तर सातबाऱ्यावर मृत आजोबा आणि हयात नातू एकाच नावाने नांदू शकतात. मग त्या जमिनीत वाटा असलेल्या काकांचे आणि आत्यांचे काय? नातवाचे नाव आधीच लागलेले दिसते. नोंद बदलण्याची निकड कोणाला वाटत नाही आणि लेकीबाळींचे हक्क त्या एका नावाखाली मुकाट्याने झाकले जातात. फेरफाराच्या नोंदीला खेड्यात जे महत्त्व आहे ते यामुळेच. मालकाचे नाव तेच असले तरी माणूस बदलला आहे, हे मान्य करणारी ती नोंद असते.

मतपेटीतील नाव

लोकशाहीत गादी नाही, म्हणून दत्तकही नाही. नाव मात्र आहे. हिशेबशास्त्रात व्यापारी पेढीच्या नावलौकिकाला, म्हणजे गुडविलला, मत्तेच्या बाजूस स्थान असते. पेढी विकली जाते तेव्हा घेणारा या नावलौकिकाचे पैसे मोजतो. पण पेढीची देणी त्याच्या पदरात पडणार असतील, तर तीही आधी तपासून घेतो. राजकीय घराण्यातील वारसाला नावलौकिक फुकट मिळतो आणि देणी विचारली असता ‘तो काळ वेगळा होता’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. कोणत्याही सावकाराने असा व्यवहार मान्य केला नसता. मतदार तो मान्य करतात, म्हणून तो चालतो.

नुसत्या नावाला किती मते पडू शकतात, याची प्रचीती महाराष्ट्राने घेतली आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघात सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून अवघ्या २,११० मतांनी पराभव झाला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही उभे होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. नाव एक असल्यास उमेदवाराचा व्यवसाय किंवा गाव लिहून भेद करावा, अशी तरतूद निवडणूक नियमांत होती. पण ती अपुरी ठरत होती. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचे निवडणूक आयोगाने ठरविले, ते नामसाम्याचा हा गोंधळ टाळण्यासाठीच. नावाखाली चेहरा छापावा लागला, याचा अर्थ उघड आहे: नावावर शिक्का मारताना माणूस कोण, हे मतदाराने पाहिलेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाव हे जसे भांडवल असते तसे बंधनही असते. थोर नावाच्या वारसाकडून लोक अधिक अपेक्षा करतात आणि चूक झाल्यास आजोबांची आठवण देतात. सयाजीराव आणि शाहू या नावांनी दोन दत्तक मुलांवर जो भार टाकला, तो त्यांनी समर्थपणे पेलला. परंतु त्या दोघांनाही आपल्या कारभाराचा जाब जगाला आणि इतिहासाला द्यावा लागला. नाव सांगून सुटता आले नाही. वारसाला नाव मिळू नये, असे कोणी म्हणत नाही. नावाबरोबर त्याचा स्वतंत्र हिशेब मागितला जावा, एवढेच म्हणणे आहे.

ज्यांना क्रमांक नाही

या सगळ्या नावांच्या उलाढालीत काही माणसे बिनक्रमांकाचीच राहिली. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांनी नागपूरच्या वाड्यात राज्याचा उत्कर्ष, पराभव आणि अस्त पाहिला. बाजीबा लहान असताना त्यांचा शब्द वाड्यात चाले. राज्य खालसा झाल्यावर त्यांनी तक्रार आणि संयम दोन्ही दाखविले. १८५८ मध्ये त्या वारल्या. कोणता मुलगा रघूजी होणार आणि कोणता जानोजी, हे ठरविण्यात राजघराण्यातील स्त्रियांचा हात मोठा होता. परंतु त्या घराण्याच्या गादीच्या यादीत दुसरी बाकाबाई नाही आणि तिसरीही नाही. स्त्रीचे नाव विवाहात बदलावयाचे आणि दत्तक मुलाचे नाव दत्तविधानात बदलावयाचे, असा रिवाज. घराण्याचे नाव अखंड राखण्याची किंमत या दोघांनी आपली नावे सोडून दिली.

महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या मार्चमध्ये निर्णय घेतला की, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहावे. या निर्णयाची चर्चा स्त्रियांच्या सन्मानाच्या अंगाने झाली आणि ती योग्यच होती. त्याचा आणखी एक परिणाम संभवतो. आजोबा आणि नातू यांची नावे एक असली तरी त्यांच्या आया वेगळ्या असतात. मधे आईचे नाव आले की सातबाऱ्यावरचा आजोबा आणि नातू पहिल्यांदाच कागदावर वेगळे होतील. रघूजी कितवा, हे इतिहासकाराला क्रमांक घालून सांगावे लागले. खेड्यातल्या रघूजीची ओळख त्याच्या आईच्या नावानेच पटेल.

नागपूरच्या भोसले घराण्यात मुधोजी हे नाव आजही नांदते आहे. केळझरच्या घरांतही आजोबांची नावे नातवांना मिळत राहतील आणि मिळावीत; त्यात स्मरण आहे, ममता आहे. पाळण्यात नाव ठेवणे हा घराचा अधिकार आहे. त्या नावाच्या माणसाला गादी द्यावयाची की नाही, हा अधिकार आता पाळणा हलविणाऱ्यांचा राहिलेला नाही. तो मतदाराचा आहे. तलवारीवरील नावापुढे ‘पहिले’ हा शब्द घालण्यासाठी जाणकारांना जितकी पारख करावी लागली, तितकीच पारख मतपत्रिकेवरील प्रत्येक परिचित नावाची केली गेली, तरच हा अधिकार वापरला असे म्हणता येईल.